पोपटी पैठणी आणि तीन चोर

"काका, मोबाईलवर कसला छान पोपटी दिसत होता! आणि कागदावर बघा, पालकाची भाजी झालीये," शेजारची मुलगी लग्नपत्रिकेचा नमुना माझ्यापुढे धरत म्हणाली. पोपटी पैठणी, तिला राणी काठ. पैठणीच्या फोटोतून दोन्ही रंग उचलून तिने पत्रिकेवर लावले होते. राणी बऱ्यापैकी जमला होता, पोपटी मात्र खरोखरच मेला होता. प्रेसवाल्याने हलकी शाई वापरली, असं तिचं ठाम मत. मासिकांच्या मांडणीत माझी पंचवीस वर्षं गेली असल्यामुळे प्रेसवाल्याची बाजू घेणं मला भागच होतं. त्या बिचाऱ्याकडे पोपटी शाई नव्हतीच. राणीसुद्धा नव्हती. त्याच्या मशीनमध्ये चार शाया होत्या आणि तुमच्या घरच्या प्रिंटरमध्येही बहुधा तेवढ्याच आहेत.

सायन, मॅजेंटा, यलो आणि ब्लॅक. म्हणजे हिरवट झाक असलेला आकाशी, गडद गुलाबी, पिवळा आणि काळा. छापखान्यात पहिल्या शाईचा उच्चार थेट माटुंग्यानंतरच्या स्टेशनासारखा करतात, आणि कुणाचं काही अडत नाही. संगणकावर या चौकडीला 'सीएमवायके' म्हणतात. त्यातला 'के' हा 'की'चा, म्हणजे बाकीच्या तीन प्लेटा जिच्याशी जुळवून घ्यायच्या त्या मुख्य प्लेटचा. ती बहुतेक वेळा काळ्याची असते.

आता शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंनी मूळ रंग लाल, पिवळा आणि निळा असे शिकवलेले असतात. बाईंचं अगदीच चुकलं नाही. फ्रँकफुर्टमध्ये जन्मलेल्या याकोब क्रिस्टॉफ ल ब्लाँने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला याच तीन रंगांच्या प्लेटा एकावर एक छापून रंगीत चित्रं काढली, आणि पुढे चौथी काळी प्लेटही वापरली. पण लाल आणि निळा मिसळून मुलांच्या वहीत जे वांग्याच्या सालीसारखं जांभळं येतं, ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे. त्या दोन रंगांऐवजी मॅजेंटा आणि सायन घेतले की निघणाऱ्या रंगांची संख्या एकदम वाढते. का वाढते, हे समजलं की प्रिंटरच्या निम्म्या तक्रारी तुमच्या तुम्हाला सोडवता येतात. म्हणून जरा थांबून बघू.

आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात. ढोबळमानाने त्या तांबडा, हिरवा आणि निळा उजेड टिपतात. कोऱ्या कागदावर पडलेला हा तिन्ही उजेड परत आपल्या डोळ्यांत येतो, म्हणून कागद पांढरा दिसतो. छपाईची शाई म्हणजे या उजेडातला चोर. सायन शाई तांबडा उजेड चोरते आणि हिरवा, निळा सोडून देते. मॅजेंटा हिरवा चोरते. पिवळी निळा चोरते. एवढंच पाठ करा, बाकी सगळं त्यातून निघतं. पिवळ्यावर मॅजेंटा चढवला तर निळा गेला, हिरवा गेला, उरला तांबडा. म्हणून कुंकवाचा लाल हा पिवळा आणि मॅजेंटा यांचा. पिवळ्यावर सायन चढवला तर हिरवा उरतो. सायनवर मॅजेंटा चढवला तर निळा. तिन्ही चोर एकाच जागी आले तर काहीच उरत नाही, म्हणजे काळा.

मोबाईलचा कारभार नेमका उलटा. तिथे सुरुवात अंधारापासून होते. तांबडे, हिरवे, निळे बारीक दिवे पेटतात आणि उजेडाची भर पडत जाते. स्क्रीन उजेड घालत जाते, कागद उजेड गाळत जातो. त्यामुळे दिव्यासारखा झगमगणारा रंग कागदावर मागणं म्हणजे गाळलेल्या ताकात लोणी शोधणं.

पण तीन शाया आणि त्यांच्या जोड्या एवढ्यावर लग्नाच्या अल्बममधला आजीचा गव्हाळ चेहरा कसा उमटतो? रविवारच्या पुरवणीतला एखादा रंगीत फोटो घ्या आणि साध्या भिंगातून पाहा. चेहरा नाहीसा होतो आणि ठिपके दिसू लागतात. गुलाबी, पिवळे, थोडे आकाशी, अधूनमधून काळे. गव्हाळ रंग कागदावर कुठेच नाही. काळा बाजूला ठेवला तर कागदावर खरोखर आठच रंग असतात: कोरा कागद, तीन शाया, त्यांच्या तीन जोड्या आणि तिन्हींचा थर. त्यांतल्या कुणी किती जागा व्यापली, यावर बाकीचे हजारो रंग ठरतात. मिसळण्याचं काम प्रिंटर करत नाही, तुमचा डोळा करतो. चांगल्या मासिकाच्या छपाईत इंचाला साधारण 150 ठिपके ओळीने बसतात, म्हणजे दोन ठिपक्यांत सुमारे 0.17 मिलिमीटर अंतर. हातभर लांबून इतकं बारीक काही आपल्याला वेगळं दिसत नाही. वर्तमानपत्रात हे प्रमाण इंचाला 100च्या आसपास किंवा कमीच असतं, म्हणून तिथे तरुण डोळ्यांना भिंगाशिवायही ठिपके जाणवतात.

फिकट गुलाबी छापायचा तर मॅजेंटामध्ये पांढरी शाई घालत नाहीत, हेही लक्षात घ्या. साध्या छपाईत पांढरी शाई नसतेच. ठिपके लहान करायचे आणि कागद जास्त उघडा ठेवायचा, की झाला फिकट. म्हणजे पांढरा रंग पुरवतो तो कागद. तुम्ही मळकट पिवळसर हातकागद निवडला की पत्रिकेतले सगळे रंग आपोआप त्या पिवळसरपणातून जाणार. आकाशी हिरवट होणार, गुलाबी शेंदरीकडे झुकणार. कागद ही पाचवी शाई आहे असं मी नवीन मुलांना सांगायचो, आणि ते कागद सोडून सगळ्यावर चर्चा करायचे.

ऑफसेट छपाईत चारही रंगांचे ठिपके एकाच दिशेने मांडले तर त्यांची जाळी एकमेकींत अडकून विचित्र लाटा दिसू लागतात. म्हणून प्रत्येक रंगाची जाळी वेगळ्या कोनात फिरवतात. प्रचलित मांडणी अशी: काळा 45 अंशांवर, सायन 15वर, मॅजेंटा 75वर आणि पिवळा 0वर. डोळ्याला सरळ आडव्या-उभ्या ओळी चटकन दिसतात. ती जागा पिवळ्याला, कारण पांढऱ्यावर तो जवळजवळ दिसतच नाही. सर्वांत ठळक काळ्याला तिरपा 45चा कोन. हे सगळं नीट जुळलं की भिंगाखाली ठिपक्यांची बारीक फुलं दिसतात.

याआधीची पद्धत वेगळी होती. राजा रविवर्म्यांचा छापखाना 1894 साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे देवदेवतांची जी चित्रं छापली, ती दगडावरून, आणि रंगागणिक दगड वेगळा. एका लक्ष्मीसाठी कितीतरी दगड घडवायचे, आणि प्रत्येक कागद तितक्या वेळा मशीनखालून काढायचा. त्या चित्रांतल्या रंगांची खोली चार शायांत सहजी का येत नाही, याचं उत्तर त्या दगडांत आहे.

घरचा इंकजेट प्रिंटर जाळी वापरत नाही. तो अगदी बारीक थेंब वरवर पाहता विस्कळीत, पण हिशेबाने उडवतो. फिकट जागी थेंब विरळ, गडद जागी दाट. थेंब केवढा असतो? तो पिकोलिटरमध्ये मोजतात. एक पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग. चार पिकोलिटरचा थेंब धरला तर एका मिलिलिटर शाईतून 25 कोटी थेंब निघतात. फोटोसाठी बनवलेल्या काही प्रिंटरमध्ये सहा शाया असतात. त्यातल्या जादा दोन म्हणजे फिकट सायन आणि फिकट मॅजेंटा. फिकट त्वचेवर गडद मॅजेंटाचे विरळ थेंब गोवर आल्यासारखे दिसतात, तिथे फिकट शाईचे दाट थेंब घातले की गाल गुळगुळीत होतो. घरी फोटो छापणारच असाल तरच हे सहा रंग घ्या. मुलांचे प्रकल्प आणि वीजबिलं यांना चार पुरे. लेझर प्रिंटरमध्ये शाईऐवजी टोनरची भुकटी असते आणि ती उष्णतेने कागदावर वितळवून बसवतात. तरी रंग तेच चार.

तीन चोर मिळून काळा होतो म्हटलं, मग काळी शाई वेगळी कशाला? कारण चोर पुरते तरबेज नाहीत. सायन शाई तांबड्याबरोबर थोडा हिरवा-निळाही उचलते, मॅजेंटा थोडा निळा खाते. त्यामुळे तिघांचा काळा प्रत्यक्षात चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी येतो. राखाडी हवा असेल तर तिन्ही शाया सारख्या घेऊन चालत नाही. सायन थोडा जास्त लागतो, साधारण सायन 50 टक्के असेल तर मॅजेंटा आणि पिवळा 40-40. शिवाय तिप्पट शाई म्हणजे खर्च, ओला कागद, आणि अक्षरं तीन प्लेटांवर विभागलेली.

अक्षरांचा मुद्दा देवनागरीत फारच महत्त्वाचा आहे. तुम्ही मजकूर संगणकावर काळा म्हणून टाइप करता, पण फाइल छपाईच्या रंगांत बदलताना तो काळा चारही शायांत वाटला जाऊ शकतो. मग कागद मशीनमध्ये केसभर सरकला की शिरोरेषेच्या वर गुलाबी सावली आणि वेलांटीच्या कडेला आकाशी. छापखान्याच्या भाषेत 'रजिस्टर आउट'. म्हणून मजकुराचा काळा म्हणजे फक्त काळी शाई 100 टक्के, बाकी तिन्ही शून्य, एवढं प्रेसला आवर्जून सांगा आणि प्रूफवर भिंगाने तपासा. उलट, पूर्ण पानभर काळी पार्श्वभूमी हवी असेल तर एकटी काळी शाई धुतलेल्या छत्रीसारखी दिसते. तिथे काळ्या 100खाली सायन 60, मॅजेंटा 40, पिवळा 40 असा आधार द्यावा. पण या भरगच्च काळ्यात पांढरी बारीक अक्षरं उघडी ठेवण्याचा मोह टाळा. चारही बाजूंनी शाई थोडी पसरते आणि सगळ्यात आधी अनुस्वार बुजतो, मग रफार. 'वंदन'चं 'वदन' झालेली पत्रिका मी पाहिली आहे. असं करायचंच असेल तर अक्षर ठळक आणि मोठं घ्या आणि पार्श्वभूमी एक-दोन शायांचीच ठेवा. फिकट रंगातली लहान अक्षरंही अशीच फसवी. ती ठिपक्यांचीच बनलेली असल्यामुळे कडा कुरतडल्यासारख्या दिसतात. लहान अक्षरांच्या रंगात निदान एक शाई तरी पूर्ण 100 टक्के असावी.

आता रंग मागायचा कसा? आपल्याकडे रंगांना केवढी चविष्ट नावं आहेत, पण प्रेसवाल्याचा अबोली आणि तुमच्या आईचा अबोली एक असेलच असं नाही. आकडे द्या. काही आकडे मी वर्षानुवर्षं वापरले, ते सुरुवात म्हणून घ्या आणि कागदानुसार हलवा. हळदीचा रंग हवा तर पिवळा 100, मॅजेंटा 20. त्यातच मॅजेंटा 55 केला की केशरी, 80 केला की शेंदरी. अबोलीला दोन्ही 45-50च्या आसपास, सायन शून्य. राणीला मॅजेंटा 100 आणि पिवळा जेमतेम 10. डाळिंबीला मॅजेंटा 100, पिवळा 60, सायन 20 आणि वर चिमूटभर काळा. मोरपंखीला सायन 100, पिवळा 40, काळा 10. जांभळ्याला मॅजेंटा 100, सायन 70. आणि निळा मागताना सांभाळा. सायन आणि मॅजेंटा बरोबरीने घेतले की निळा न येता जांभळट येतो. दोघांत निदान 30 टक्क्यांचं अंतर ठेवा, मॅजेंटा कमी. वधूपित्याने 'रॉयल ब्लू' मागितला आणि पत्रिका वांगी रंगाची आली, या भांडणाचं मूळ नव्वद टक्के वेळा इथेच असतं.

या आकड्यांत पोपटी मुद्दाम घेतला नाही. सायन 45, पिवळा 100 एवढं करून जो येतो तो छापील पोपटी. कैरीच्या फोडीसारखा, चांगला, पण पैठणीच्या रेशमासारखा झळकणारा नव्हे. झगझगीत हिरवा, विजेसारखा निळा, तेजस्वी नारिंगी हे रंग स्क्रीनवर दिसतात आणि चार शायांच्या आवाक्याबाहेर राहतात. मांडणीच्या चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये असा रंग निवडला की इशाऱ्याचं चिन्ह येतं. आपण ते बघून न बघितल्यासारखं करतो. सोनेरी आणि चंदेरी तर रंगच नव्हेत, ती चमक आहे. चार शायांचा 'सोनेरी' म्हणजे मोहरीची पेस्ट. गणपतीला सोनं हवं असेल तर फॉइल लावायला सांगा. आणि भगव्यासारखा एकच रंग शेकडो प्रतींत अचूक हवा असेल तर त्याची तयार मिसळलेली पाचवी शाई, म्हणजे स्पॉट कलर, घेता येते. 1963पासून पँटोनच्या नमुना पट्ट्या यासाठीच वापरात आहेत. क्रमांक सांगितला की जगात कुठेही तीच शाई. मात्र प्लेट वाढली की पैसे वाढले.

प्रूफ बघण्याबद्दल थोडं. मोबाईलवर आलेली पीडीएफ म्हणजे प्रूफ नव्हे. तिच्यात मजकुराच्या चुका शोधा, रंग नाही. ज्या कागदावर काम छापायचं त्याच कागदावरचा नमुना मागा. गुळगुळीत आर्ट पेपरवर शाई वर बसते, साध्या मॅपलिथो कागदावर ती आत मुरते, ठिपका पसरतो आणि तोच रंग मळकट होतो. नमुना दुकानातल्या ट्यूबखाली न बघता दारात येऊन दिवसाच्या उजेडात बघा. ट्यूबखाली जुळलेले दोन रंग उन्हात भांडतात. ओली शाई वाळल्यावर किंचित उतरते, मॅट लॅमिनेशननेही रंग थोडा दबतो, तेवढी जागा ठेवा. शे-दोनशे प्रती असतील तर प्रेसवाला त्या डिजिटल मशीनवर काढेल, आणि त्या मशीनचा नमुना हाच तुमचा खरा नमुना. हजारोंच्या संख्येत ऑफसेट करत असाल आणि रंगावर फारच जीव असेल, तर मशीन लागल्यावर तिथे जाऊन उभे राहा आणि पसंत पडलेल्या पानावर सही करा. चहा मिळतो.

घरच्या प्रिंटरची तक्रार आली तर चोरांची ओळख उपयोगी पडते. फोटो एकाएकी लालसर-नारिंगी येऊ लागले, तर तांबडा उजेड चोरणारं कुणी राहिलेलं नाही, म्हणजे सायन बंद पडलाय. चेहरे हिरवट, आजारी दिसायला लागले तर मॅजेंटा. सगळं निळसर-जांभळट तर पिवळा. लगेच नवी बाटली आणायला धावू नका. प्रिंटरच्या मेनूतून 'नोझल चेक' छापा. चार रंगांच्या रेघा येतील, जिथे तुटल्या तिथे छिद्र बुजलं आहे. पिवळ्या रेघा पांढऱ्या कागदावर डोळे फाडूनही दिसत नाहीत. अशा वेळी निळा जिलेटिन पेपर डोळ्यांसमोर धरा. पिवळ्याने निळा उजेड चोरलेला असल्यामुळे त्या रेघा एकदम काळ्या उमटतात.

रेघा तुटक असतील तर 'हेड क्लीनिंग' एकदा, फार तर दोन-तीनदा. प्रत्येक वेळी शाई खर्च होते आणि आतल्या शोषक पॅडमध्ये जमा होते. ते पॅड भरलं की दुरुस्तीचा खर्च वेगळाच. तीनदा करूनही सुटलं नाही तर रात्रभर प्रिंटर तसाच ठेवा आणि सकाळी पुन्हा बघा. वाळलेली शाई पुष्कळदा अशी सैल होते. त्याहून सोपं म्हणजे आठवड्यातून एक तरी चारही रंगांचं पान काढणं, उन्हाळ्यात तर नक्कीच. मे महिन्यात महिनाभर गावी जाऊन आलेल्या घरातला प्रिंटर जूनमध्ये शाळेच्या पहिल्याच आठवड्यात रुसतो, हा माझा अनुभव. पावसाळ्यात कागदाचं रीम उघडं ठेवू नका. दमट कागदावर शाई पसरते आणि पान गुंडाळतं.

छापण्यापूर्वी कागदाचा प्रकार खरा सांगा, ही सेटिंग लोक सर्रास सोडून देतात. ग्लॉसी फोटो पेपर घालून 'प्लेन पेपर' तसंच ठेवलं तर प्रिंटर साध्या कागदाच्या हिशेबाने शाई सोडतो आणि फोटो फिका येतो. उलट केलं तर साधं पान ओलं होऊन लोळतं. आणि काळं-पांढरं पान काढलं तरी रंगीत शाई कमी का होते, याचं एक कारण इथेच आहे. फोटो पेपर निवडला की बरेच प्रिंटर राखाडी छटा तीन रंगांतून बनवतात. काटकसर हवी तर 'प्लेन पेपर' आणि 'ग्रेस्केल' दोन्ही निवडा. तरीही छिद्रं साफ ठेवण्यासाठी थोडी रंगीत शाई तो वापरणारच, तेवढं सोडून द्या.

शेजारच्या मुलीचं काय झालं, ते राहिलं. पत्रिका तीनशेच हव्या होत्या, म्हणून मी तिला स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडे पाठवलं. तिथे ठिपक्यांची जाळी नाही. डब्यात शाई खरोखरची मिसळतात. त्याने पिवळ्यात हिरवा थेंबाथेंबाने घातला, काडीने ढवळला, बोटाचा ठसा कार्डाच्या तुकड्यावर उठवला आणि पैठणीचा पदर शेजारी धरायला सांगितला. चौथ्या ठशाला ती हो म्हणाली. मग तिची आई म्हणाली, किनार राणी करूया का?